न चाखता बनवलेला पेला

मी सैपाकी माणूस. नाकाडोंगरीजवळच्या मॅंगनीज खाणीच्या गेस्ट हाऊसमध्ये सहा वर्षं रोजंदारीवर मटण शिजवलं, साहेबलोकांच्या चपात्या लाटल्या. पक्का करा म्हणून मॅनेजर पुंडलिकरावांच्या मागे लागून जीव मेटाकुटीला आला होता. शेवटी एकोणऐंशीच्या हिवाळ्यात ते म्हणाले, "कलकत्त्याचे मोठे साहेब येऊन राहिले, आनंदराव. त्यायले खुश कर, सही त्यायच्याच हाती आहे."

खुश करायचं म्हणजे काय, तर साहेबांनी चिठ्ठीवर लिहून दिलेला आंबट पेला बनवायचा. अर्धी रम, अर्धी कोन्याक नावाची फ्रान्सची ब्रँडी, लिंबू, साखर, अंड्याचं पांढरं, आणि बर्फ टाकून डब्यात खळखळ हलवायचं. बर्फ तुमसरहून भुशात गुंडाळून जीपने आला. कोन्याक साहेबांचीच होती आणि बाटलीत पाच-सहा पेल्यांपुरतीच उरली होती.

सगळं होतं, पण चाखायचं कोणी? छप्पन साली बा मला बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेला नागपूरला घेऊन गेला, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. त्या गर्दीत दारू पिणार नाही हे मीही मोठ्यानं म्हटलं होतं, आणि तेव्हापासून थेंब जिभेला लावलेला नाही. भाजीत मीठ मी न चाखता टाकतो, पण ज्या वस्तूची चवच माहीत नाही तिचा अंदाज कुठून आणू?

म्हणून चौकीदार मंगरूला बोलावलं. त्याची जीभ मोहाच्या दारूवर तयार झालेली. चमचाभर घेऊन म्हणाला, "बेस आहे. पण घशाले लागत नाही. लिंबू अन् रम वाढव." वाढवलं. साहेबांनी एक घोट घेऊन पेला परत पाठवला. दुसरा परत, तिसराही परत. मंगरू दरवेळी "आता बेस" म्हणत होता आणि परत आलेले पेले तोच रिचवत होता. लिंबं त्याच्या टाळक्यात हाणावीशी वाटली. खरं तर राग माझा मलाच आला होता. सहा वर्षं ज्या हाताची सगळ्यांनी तारीफ केली, तो हात एका पेल्यापुढे टेकला होता.

पुंडलिकराव तणतणत सैपाकघरात आले. "चाखून काहून नाही पाहत?"

"मी घेत नाही, साहेब."

"घे कोण म्हणते? चमचाभर चाख. सहा वर्षं पाण्यात घालतं काय?"

चमचा उचलला. खोटं कशाला सांगू, ओठांपर्यंत नेला. मग मात्र अशी चीड आली की चमचा ठेवला, सगळं सामान ट्रेमध्ये घेतलं आणि थेट साहेबांपुढे जाऊन उभा राहिलो. मी दारू चाखत नाही, तुम्ही चाखा, मी बनवतो, असं माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं.

पुंडलिकरावांचा चेहरा उतरला. साहेब मात्र चमच्याने चाखत गेले. लिंबू कमी, साखर थोडी जास्त. फेसाळलेला पेला त्यांनी संपवला, अजून एक मागितला आणि म्हणाले, "इसको पक्का करो."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. नेमणूक पक्की. काम म्हणजे दारूच्या कपाटाची किल्ली सांभाळणे आणि पाहुण्यांना पेले बनवून देणे. सैपाकाला दुसरा माणूस ठेवणार होते. मी धावत पुंडलिकरावांकडे गेलो.

"साहेबच म्हणाले, जो चाखत नाही त्याच्याच हाती कपाट द्या, बाटली घटणार नाही," ते म्हणाले. "आता कायले तोंड पाडून राहिला? नाही म्हणशील तर रोजंदारीबी जाईल."

किल्ली घेतली. दुसरं काय करणार होतो?

आंबागडला घरी पोचलो तेव्हा बा ओसरीवर बसला होता. पक्का झालो म्हटल्यावर त्याने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. "मंगरूनं सांगतलं मले. थेंब नाही घेतला तू, तरी पक्का झाला." त्याचे डोळे भरून आले. "ते पत्र आण. पौर्णिमेले विहारात सगळ्यायसमोर वाचू. पोरायले समजू दे."

"ऑफिसातून मिळालं नाही अजून, बा," मी म्हणालो. पत्र सदऱ्याच्या खिशात होतं.