आधी तू घे

वस्तादांनी चमचा सुपात बुडवला आणि तसाच ठेवून दिला.

"आधी तू घे," ते मुलीला म्हणाले.

"एवढ्याशा सुपाला केवढी ही ताटली, बाबा. घरी यात चौघं जेवतील."

"ताटलीसकट खाऊ नकोस म्हणजे झालं."

ती हसली. पांढऱ्याशुभ्र टेबलावर दुपारचे ऊन पडले होते. वाढपी पावलांचा आवाज न करता फिरत होते. रात्री या हॉटेलच्या दारावरून नुसते जायचे म्हटले तरी हात आपोआप खिशाकडे जाई. दुपारी मात्र तेच स्वयंपाकघर, तोच आचारी, आणि दर निम्म्याहून कमी. शिवाय तो आचारी वस्तादांनीच घडवलेला. कधीकाळी त्यांच्या हाताखाली कांदे चिरताना मनसोक्त रडून घेतलेला. रोज सकाळी येऊन पातेली चाखायची, चुकलेमाकले सांगायचे, एवढेच काम त्याने वस्तादांना देऊ केले होते. जेवणाच्या शेवटी तो उत्तर घ्यायला येणार होता, आणि मुलीने ते होकारार्थी गृहीत धरले होते.

तिने घोट घेतला. जिभेचे टोक क्षणभर ओठाच्या कोपऱ्याशी गेले.

"मीठ किंचित कमी," वस्ताद म्हणाले.

मान डोलावता डोलावता ती थांबली. त्यांचा चमचा अजून सुपातच होता.

घरी ओट्याशी उभ्या उभ्या हे सहज खपून जाई. इथे ती समोर बसली होती.

पुढे मासा आला. तिने खाली बघत घास घेतला आणि चेहरा पाटीसारखा पुसून ठेवला. वस्ताद वाट पाहत राहिले.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली.

त्यांनी घास घेतला. सावकाश चावला.

"चांगलाय."

"लिंबू फार झालंय, बाबा. दात आंबतील इतकं."

शेजारच्या टेबलावर कोणीतरी खुर्ची सरकवली. वस्तादांनी रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली.

"कधीपासून?" तिने विचारले.

"त्या तापापासून. वासही गेला, चवही गेली."

"आणि इतके दिवस मला पत्ता नाही."

"तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. भागत होतं."

मग काट्याच्या टोकाने ताटलीतली रसाची रेघ उचलून तिने जिभेला लावली.

"हे गोडसर आहे. मागून तिखट येतं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "लक्षात ठेवा. तो आलाच."

आचारी टेबलाशी येऊन, हात मागे बांधून उभा राहिला.

"वस्ताद, काय म्हणता?"

"बाबा म्हणत होते," मुलगी घाईने म्हणाली, "लिंबू जरा—"

"मी काही म्हणत नव्हतो," वस्ताद म्हणाले. "गरम आहे, एवढंच कळतं मला आता. बाकीचं हिला विचार."

आचाऱ्याने आधी त्यांच्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. मग रिकामी खुर्ची ओढून तो बसला.