सहा पेट्या बर्फ

प्रयोगशाळेतलं बर्फाचं मशीन आठवडाभर बंद पडलेलं, बाहेर वाळवंटाकडून शहीली वारा भाजून काढतोय, आणि सिहेमने प्रयोगाला नेमका हाच दिवस धरला होता. समुद्रकाठच्या मोनास्तिर शहरात, तेही जुलैत! पण तिचाही इलाज नव्हता. सकाळी ऊर्ध्वपातन करून काढलेला द्रव तसाच ठेवला, तर त्याचे रेणू आपसातच जोड्या जमवून मोकळे होतात. त्याचा जोडीदार पदार्थ बनवायला तिचे आठ महिने गेले होते आणि तो उरला होता एका खेपेपुरता. दोघांनी एकमेकांना धरून कडं करायचं, एवढीच ती सायक्लोअडिशन. मात्र चार तास बर्फ-मिठाच्या गारठ्यात. जरा गरम झालं की कडं भलत्या बाजूनेही जुळतं, मग आठ महिने पाण्यात.

दुकानातून आणलेला बर्फ दीड तासात संपला. सिहेमने आपल्या घरच्या गल्लीतल्या अम हसूनाला, म्हणजे हसूनाकाकाला, फोन लावला. त्याची मासेमारीची होडी नुकतीच बंदराला लागली होती.

"अम हसूना, बर्फ आहे?"

"बर्फ? गुपचूप लग्न ठरवलंस की काय? सरबताला हवाय?"

"थट्टा नको, माझा प्रयोग बुडतोय."

"बुडणाऱ्याला बाहेर काढायचं काम आमच्याकडेच. दारात उभी राहा."

तो तीनचाकीवर दोन पेट्या घेऊन आला. मग आणखी दोन. सगळ्या प्रयोगशाळेला सार्डिनचा वास सुटला. सिहेमच्या गाईड मादाम नाजिया नाकाला रुमाल लावून आल्या.

"हे काय, रसायनशास्त्र सोडून मासळीबाजार मांडलास?"

"दोन्ही चालू आहे, मादाम. तापमान उणे दहा."

मादामनी थर्मामीटर पाहिला आणि पेटीचं एक टोक उचलायला वाकल्या.

शेवटच्या दोन पेट्या टाकून अम हसूना स्टुलावर टेकला. "एवढं करून निघणार काय?"

"पांढरे खडे. अर्धा चमचा."

"अर्धा चमचा! सहा पेट्यांत मी अख्खी वरात गार ठेवली असती, पोरी!" डोक्यावर हात मारून घेत तो निघून गेला. घाईत त्याचे नीट आभार मानायचेही राहिले.

चार वाजता खडे गाळणीवर आले. सिहेमने तपासणीच्या प्लेटवर थेंब लावला. दोन ठिपके उमटले असते, म्हणजे कडं भलत्या बाजूनेही जुळलं असतं, तर कपाळमोक्ष. एकच उमटला. तिने तीनदा करून पाहिलं, तीनदा एकच. मग ती मादामच्या गळ्यात पडून रडली आणि तिला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

संध्याकाळी घरी आईने भाजलेल्या सार्डिनचा ढीग पुढे ठेवला, बाजूला हरिसाची तिखटजाळ चटणी.

"एवढे मासे, उम्मी?"

"हसूनाला आज वेड लागलंय. अख्खी होडी गल्लीत फुकट वाटली. म्हणे, उन्हात नासण्यापेक्षा पोटात गेलेले बरे. माणूस समुद्रावर जातो आणि बर्फ न्यायला विसरतो, बाई!"

सिहेमच्या हातातला घास हातातच राहिला.

"तो विसरला नव्हता, उम्मी. त्याचा सगळा बर्फ त्याने मला आणून दिला."

आईने माशांचा ढीग जवळ ओढला. मग तिने आणखी दोन मासे सिहेमच्या ताटात वाढले.

"खा. काट्याला चिकटलेलंसुद्धा टाकू नकोस."