कोपऱ्यावरची करकर

सांडू मिस्त्रीने चाकाचा शेवटचा नट आवळला आणि उतरवलेला ब्रेकचा जुना ड्रम पायाने बाजूला सारला. बन्सीने तो दोन्ही हातांनी उचलून टँकरच्या केबिनमध्ये, क्लीनरच्या सीटखाली ठेवला.

"काका, भंगार हाय ते."

"असू दे की."

चिकलठाण्याच्या त्या गॅरेजात बन्सी सकाळपासून पाहुण्यासारखा बसून होता. डिस्क ब्रेकचा हट्ट सत्यमचा, त्याच्या मुलाचा. बापाने टँकरची किल्ली त्याच्या हाती कधी दिली नव्हती. 'हे ब्रेक माझ्याच पायाचं ऐकत्यात,' हे त्याचं ठरलेलं उत्तर, आणि ते खोटंही नव्हतं. पॅडल आधी दोनदा हाणायचं, मग दाबून धरायचं, स्टेअरिंग जरा उजवीकडे ओढायचं, तेव्हा कुठे भरला टँकर करकरत थांबे. आता ब्रेक कुणाचंही ऐकणार होते. पोराने बापाचं उत्तरच काढून घेतलं होतं, आणि बन्सीला ते लागलं होतं.

विहिरीवर टँकर भरून बापलेक मुकुंदवाडीकडे निघाले. दुष्काळाचं दुसरं वर्ष. शहर मात्र मजल्यावर मजले चढवतच होतं. चालवायला अर्थातच बन्सी. गल्लीच्या बऱ्याच अलीकडे त्याने पॅडल हाणलं. जित्याची खोड! गाडी जागीच थबकली, टाकीतलं पाणी उसळलं आणि झाकणातून काचेवरून वाहत रस्त्यावर गेलं.

तेवढ्या पाण्यात एखाद्या घराचा दिवस निघाला असता. सत्यमने वर चढून झाकण घट्ट बसवलं. त्यापेक्षा बोलला असता तर बरं, असं बन्सीला वाटलं.

पुढे त्याने पाय नुसता टेकवला. टँकर आवाज न करता गल्लीत उभा राहिला. ज्यांना दिसला त्या बायका धावल्या, पाइप पडले, बघता बघता टाकी अर्धी झाली. द्वारकाबाईचे हंडे मात्र कुठेच नव्हते. म्हातारीला दिसत नसे. कोपऱ्यावर करकर झाली की ती हंडे घेऊन निघे आणि बायका तिला पहिला नंबर देत.

बन्सी उतरून तिच्या घराकडे गेला. हंडे पुढ्यात घेऊन, रस्त्याकडे कान लावून ती उंबऱ्यावर बसली होती.

"कोण हाय?"

"मी बन्सी, मावशी. पाणी आलंय."

"कवा? येरवी तुझी गाडी लई बोंबलते. आज कायबी ऐकू आलं नाय."

बन्सीने हंडे उचलले.

"आता सत्यम चालवतो," तो म्हणाला. "त्याचा पाय हलका हाय. उद्यापासून मी येत जाईन तुमाला हाक माराया."

भरलेले हंडे तिच्या घरात ठेवून तो परतला, तेव्हा सत्यम क्लीनरच्या बाजूने चढत होता.

"तिकडं बस," बन्सीने त्याच्या हातात किल्ली ठेवली.

"आबा, खरंच?"

"चल, पुढल्या गल्लीत बाया खोळंबल्यात."

पुढच्या कोपऱ्यावर सत्यमने टँकर अलगद थांबवला. तोवर बन्सीच्या उजव्या पायाने सीटखालचा ड्रम दोनदा हाणून झाला होता.