आहेराचं पिंप

नेरूळ गावात शेवंताबाईंच्या मुलीच्या लग्नाच्या मांडवात विमलबाईंना मानाच्या खुर्चीवर बसवलं होतं. कारखान्याच्या प्रयोगशाळेतली बाई हळदीला येणं ही लहान गोष्ट नव्हती. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखाना उभा राहिल्यापासून एक रीत पडली होती. कामगाराच्या घरी लग्न निघालं की भांडारातून रिकामं पिंप पाणी साठवायला आहेर म्हणून जाई. सगळे ही रीत वाखाणत, विमलबाईही.

नवरीनं, मैनानं, पाण्याचा तांब्या पुढे केला. तो घेताना विमलबाईंची नजर शेजारी पाणी भरून ठेवलेल्या आहेराच्या पिंपावर गेली. झेंडूच्या माळेखाली तांबडा पट्टा होता.

तांबड्या पट्ट्याचं पिंप कितीही धुतलं तरी आतलं द्रव्य पत्र्याला धरून राहतं आणि हळूहळू यकृत पोखरतं, हे त्यांनीच तपासून काढलं होतं. साहेबांच्या कानावरही घातलं होतं. आपल्या खात्याचं खात्यातच ठेवा, असं ते म्हणाले. प्रयोगशाळेत हातमोजे आले. भांडाराला कुणी कळवलं नाही. तिथल्या हमालांशी बोलायला खाली उतरणं तर शिकलेल्यांना कमीपणाचं वाटे. विमलबाई हातमोजे घालून गप्प राहिल्या होत्या.

त्यांनी तांब्या ओतून दिला, उठून पिंपाला हात लावला आणि ते आडवं लोटलं. धवले, लग्नाची गाणी, म्हणणाऱ्या बाया मध्येच थांबल्या.

"पानी सांडलास, बाय?" शेवंताबाई पिंपाकडे धावल्या. "पाहाटेपासून डोक्यावं आनलाय."

"यात विष आहे, शेवंताबाई. मला ठाऊक होतं."

"ठाव व्हता, मंग बोललीस का नाय?"

साहेबांचं नाव विमलबाईंच्या ओठांवर आलं आणि तिथंच विरलं. भांडारातला नामदेव मान खाली घालून पुटपुटला, की त्याला फक्त 'रिकामं' एवढंच सांगतात.

तेवढ्यात कारखान्याचा पहारेकरी देवजी नातवाला कडेवर घेऊन पुढे आला.

"बाई, आमचे घरी बी तसलाच हाय. तुमी सांगितला तसा पानी उकळूनच पाजतो याला."

मागच्या महिन्यात फाटकाशी त्यानं पोराच्या काविळीवर उपाय विचारला होता, आणि पाणी कशात साठवता, हे न विचारताच विमलबाई 'उकळून पाजा' एवढं सांगून पुढे निघून गेल्या होत्या. पोराचे डोळे अजून पिवळेच होते.

"आधी तुमच्याकडचं पिंप ओतायला चला," त्या म्हणाल्या. "मग याला दवाखान्यात नेऊ."

पिंपं कुणाकुणाच्या घरी गेली, हे नामदेवला ठाऊक होतं. त्यांत काय होतं, हे विमलबाईंना. इतकी वर्षं एकाच छपराखाली काम करून ती दोघं त्या दुपारी पहिल्यांदाच एका वाटेनं चालू लागली.