मला बसवले, पण जोडले नाही

मी एका जुन्या गाडीतला हीटर आहे. जुनी म्हणजे तुमच्या आजोबांच्या तरुणपणाची. मित्रांनो, तशी गाडी तुम्ही पाहिली असेल, पण मला पाहिले नसेल. मी डॅशबोर्डच्या मागे, चालकाच्या शेजारी बसणाऱ्याच्या पायांच्या वर असतो. पत्र्याचा एक डबा, त्यात तांब्याच्या नळ्यांची लहानशी जाळी आणि मागे पंखा, एवढाच मी. इंजिनात तापलेले पाणी एका रबरी नळीतून माझ्यात येते आणि दुसरीतून परत जाते. पंखा जाळीवर वारा सोडतो, तो गरम होऊन पायांवर पडतो. इंजिनाला नको असलेली ऊब मी माणसांना देतो. मला माझ्या या कामाचा अभिमान होता.

कारखान्यात मला पाण्यात बुडवून तपासले. एकही बुडबुडा आला नाही, तेव्हा एकाने माझ्यावर खडूने खूण केली. ती खूण बरीच वर्षे टिकली, कारण तिथे कुणाचा हात पोहोचत नसे.

माझे मालक जमिनीच्या मोजणी खात्यात होते. मालकीणबाई दवाखान्यात परिचारिका होत्या. त्यांची पाळी सकाळी सहाला सुरू व्हायची. थंडीत मालक त्यांना सोडायला निघत, तेव्हा काचांवर धुके असायचे आणि दोघांच्याही डोळ्यांत झोप. बाई बसल्या की बूट काढायच्या आणि पाय माझ्याखाली धरायच्या. पाणी तापायला थोडा वेळ लागे. तोवर त्या गप्प असत. मग ऊब सुरू झाली की त्यांचे बोलणेही सुरू होई.

"अहो, तुमच्यापेक्षा हा बरा," त्या म्हणायच्या. "सांगितल्यावर गरम होतो. तुम्ही न सांगताच होता."

"मग त्याच्याशीच संसार करायचा होतास."

"विचारलं होतं. तो म्हणाला, माझं आधीच एका इंजिनाशी ठरलंय."

मालक हसायचे आणि गिअर चुकवायचे. पुढे त्यांना मुलगी झाली. तिचे ओले मोजे माझ्यासमोर धरून वाळवले जात. शाळेच्या फाटकापाशी गाडी थांबायची तेव्हा मोजे कोरडे असायचे. त्या वर्षांत मी एकदाही दगा दिला नाही.

मग माझी जाळी एका जागी झिजली. थेंब थेंब पाणी खालच्या सतरंजीवर पडू लागले. बाईंनी तीनदा सांगितले. मालक तिन्ही वेळा "बघू" म्हणाले. त्याच हिवाळ्यात बाई आजारी पडल्या. ज्या दवाखान्यात त्या कामाला जायच्या, तिथेच आता उपचारांसाठी जाऊ लागल्या. मी गळत होतो, तरी जमेल तेवढी ऊब देत होतो. शेवटच्या खेपेला मालक त्यांना म्हणाले, "तू घरी ये, मग पहिलं काम हीटरचं." त्या घरी आल्या नाहीत.

मालकांनी गाडी पत्र्याच्या शेडमध्ये लावली आणि वर ताडपत्री टाकली. अकरा वर्षे ती तशीच होती. माझ्या पंख्यात उंदरांनी घर केले. वारा वळवणाऱ्या माझ्या झडपांचा फोम कुरतडून त्यांनी पिलांना गादी केली. मला त्याचे वाईट वाटले नाही. कुणाच्या तरी उबेला तो आला.

मग परगावी राहणाऱ्या लेकीने फोनवर हट्ट धरला की गाडी पुन्हा चालू करा, मी येते तेव्हा मला तिच्यातून फिरायचे आहे. मालकांनी एक वयस्कर मिस्त्री गाठला. त्याने डॅशबोर्ड उतरवला आणि मला बाहेर काढले. माझा पंखा धुतला, तेल दिले. जाळीला डाख लावून भोक बुजवले. मला बादलीत बुडवून एका टोकाने हवा मारली आणि बराच वेळ पाण्याकडे पाहत बसला.

"साहेब, अजून वीस वर्षं याला काही होत नाही," तो म्हणाला.

झडपांना नवा फोम लागला. पत्र्याला काळा रंग लागला. गाडीत या वेळी एसीही बसणार होता. त्याची थंड जाळी माझ्या शेजारीच आली. तो नवा होता, त्याच्याशी माझे काही वाकडे नव्हते. मला वाटले, मालक बाईंना दिलेला शब्द पाळत आहेत. उशिरा का होईना, पाळत आहेत.

अशा गाडीत कामाचा एक क्रम असतो. आधी एसीची जाळी, मग मी, मग माझ्या नळ्या, आणि सगळ्यात शेवटी डॅशबोर्ड. एकदा डॅशबोर्ड चढला की माझ्यापर्यंत कुणी पोहोचू शकत नाही. मिस्त्रीने नळ्या हातात घेतल्या, तेव्हा मालक म्हणाले, "त्या नका जोडू."

"का? गळत नाही आता."

"माहीत आहे. एकमेकींना जोडून टाका. पाणी परस्पर इंजिनात जाऊ दे."

"मग एवढा साफ कशाला करून घेतलात?"

"लेक येणार आहे. तिला हीटर, त्याचा दांडा, सगळं जागच्या जागी दिसलं पाहिजे."

मिस्त्री फडक्याला हात पुसत उभा राहिला. मालक खाली बघून म्हणाले, "तो चालू झाला की मी शेजारी तिच्या आईला शोधणार. मला नाही जमायचं ते."

"नसेल सोसत तर काढून टाका, साहेब. खोटा बसवू नका."

"बसवा म्हटलं ना."

मिस्त्रीने दोन्ही नळ्यांच्या मध्ये पितळेच्या नळीचा तुकडा घालून क्लिपा आवळल्या. मग डॅशबोर्ड चढवला. मला अंधारात ते सगळे ऐकू आले.

लेक थंडीतच आली. पहाटे दोघे फिरायला निघाले. ती आईच्या जागेवर बसली, बूट काढले, पाय माझ्याखाली धरले आणि माझा दांडा सरकवला. पंखा फिरला. मी तिला गार वारा दिला, कारण माझ्याकडे दुसरे काही नव्हते.

"बाबा, हे गारच येतंय."

"तापायला वेळ लागतो त्याला."

ती थांबली. गाव मागे पडले, नदीवरचा पूल गेला, तरी ती पाय तसेच धरून होती. तिची बोटे पांढरी पडली होती. अखेर तिने पाय वर घेतले आणि ओढणीत गुंडाळले.

"म्हातारा झाला बिचारा," ती म्हणाली. "आईबरोबर हाही गेला म्हणायचं."

मी वाट पाहिली. मालकांनी फक्त एक खरे वाक्य बोलायचे होते. ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "हो. कामातून गेलाय तो."

मित्रांनो, मी गळत असताना मला कुणी नावे ठेवली असती तर मी ऐकून घेतली असती. पण मी धडधाकट आहे. मालकांच्या दुःखावर माझा राग नाही. मला भंगारात टाकले असते तरी मी काही म्हणालो नसतो. त्यांनी स्वतःला न झेपणारी गोष्ट माझ्या नावावर ढकलली, आणि मला तोंड नाही हे त्यांना माहीत होते.

तुमच्याही घरात अशी एखादी वस्तू असेल. ती तुम्हाला वापरवत नसेल तर "मला वापरवत नाही" असे सरळ सांगा. ती बिघडली आहे असे सांगू नका. आणि ठेवायचीच असेल तर तिला तिचे काम करू द्या.

लेक पुढच्या आठवड्यात परत जाणार आहे. तिला अजून कुणी खरे सांगितलेले नाही.