बाबांनी परत मागितलेली चाल

पोलिओचा रविवार होता. सकाळपासून नर्सबाई अल्काने कामठ्यातल्या शे-दीडशे पोरांची तोंडं उघडून थेंब पाजले होते. दुपारी चारला ती उपकेंद्राच्या बाकावर बसली ती अशी बसली, की आग लागली म्हणून कोणी ओरडलं असतं तरी उठली नसती. तेवढ्यात मोबाइल वाजला. बाबांनी चाल केली होती.

बाबा म्हणजे गुलाबराव मेश्राम, सालेकशाला रेल्वेत पॉइंट्समन म्हणून जन्म घालवलेला माणूस. रुळाचा सांधा एकदा बदलला की बदलला. चुकलो म्हटल्यानं गाडी मागे येत नाही. तोच कायदा त्यांनी घरच्या बुद्धिबळालाही लावला होता. आठ वर्षांची अल्का घोडा भलत्या घरात ठेवून बसली आणि रड रड रडली, पण चाल परत मिळाली नाही ती नाहीच. "हात लागला का चालाच लागते," एवढंच उत्तर. काय बाई हा माणूस, असं म्हणून आईनं तिचे डोळे पुसले होते.

आता आई नाही. दीड वर्षापूर्वी बाबांना लकवा झाला, उजवा हात अर्धा गेला, जीभ जड झाली. सालेकशाला भाऊ विवेक आणि वहिनी दुर्गा सगळं करतात, पण म्हातारा कोणाशी धड बोलेल तर शपथ! मोबाइलवर लेकीशी डाव मांडायचा, तो झाला की गोळ्या घ्यायच्या. डाव नाही तर गोळ्याही नाहीत. आणि दोन महिने ते सारखे हरत होते. काल त्यांनी दुर्गाला बजावलं, "एवढा एक डाव पाहतो. हरलो का खेळ बंद, गोळ्याही बंद."

आणि ह्याच डावात आज बाबा चक्क जिंकत होते! अल्कानं मुद्दाम काही केलं नव्हतं. आत्ताच्या चालीत बाबांचा वजीर एक घर पुढे पडला असता तर तिथेच मात होती. पण तो एक घर अलीकडे बसला होता, थेट तिच्या हत्तीच्या तोंडात. बोट थरथरलं, दुसरं काय!

मोबाइलच्या ह्या खेळात चाल परत मागायची सोय असते. समोरच्यानं होकार दाबला की झालं. पण ज्याची चूक त्यानंच मागायची; आपणहून देता येत नाही. अल्का वाट पाहत बसली. बाबा काही मागेनात. वजीर न मारता दुसरंच काही खेळावं, तर म्हाताऱ्याला ते लगेच कळलं असतं. शेवटी तिनं स्वतःचीच आधीची चाल परत मागितली. ती मागे गेली की तिच्यानंतरची बाबांची चालही आपसूक मागे जाते.

नकार आला. तिनं पुन्हा मागितली. पुन्हा नकार. मग फोनच आला.

"तुही चाल तं बराबर होती. काऊन मांगून राहिली?"

"चुकली, बाबा."

"लबाड बोलू नको. मी तुले कधी देली नाही, अन् तू मले भीक घालून राहिली? मार वजीर!"

अल्काच्या अंगात भांडायचं त्राण नव्हतं, तरी डोकं भडकलंच. "हो, घालून राहिली! थकली मी, बाबा. सकाळपासून पायावर उभी आहो. तिकडे दुर्गा गोळ्या घेऊन तुमच्या मांगं मांगं फिरते, इकडे मी मोबाइलात जीव टांगून बसतो. एकडाव मांगितल्यानं का अंगाले भोकं पडते? मांगा ना!"

 बाबांनी फोन बंद केला. आपण असं बोलायला नको होतं, हे तिला लगेच कळलं, पण आता काय उपयोग!

पाच मिनिटांनी पडद्यावर अक्षरं उमटली. समोरचा खेळाडू चाल परत मागत होता. बाबांनी मागितलं! तिचे डोळे भरून आले. तिनं घाईघाईनं होकार दाबला. वजीर मागे गेला, बराच वेळ थांबला, आणि पुन्हा हत्तीच्याच तोंडात येऊन पडला.

ह्या खेपेला मागणी लगेच आली. होकार. वजीर भलत्याच कोपऱ्यात गेला. परत मागणी, परत होकार. जन्मात कोणाजवळ काही न मागितलेला माणूस आता भराभरा मागत होता, आणि त्याला ते तिनंच करायला लावलं होतं. चौथ्या खेपेला वजीर नेमका बसला. मात झाली. अल्का हरली.

थोड्या वेळानं दुर्गाचा फोन आला. "ताई, घेतल्या बाबांनी गोळ्या. जितले का, म्हणून विचारलं तं म्हणते, 'जितू देलं तिनं.' अन् मुकाट्यानं तोंड उघडलं. मी भरवल्या."

"बरं," अल्का म्हणाली.

"आता रोज असेच घेतील ना?"

"घेतील," असं म्हणता म्हणता अल्काला हुंदका आवरला नाही.