उंच की खालचा

"बाही चढव गं लवकर, बँड सुरू झालासुद्धा!"

"मग हलू नका ना, बाबा!" लेटीने वडिलांचा उजवा हात अलगद कोटाच्या बाहीत सरकवला. तो हात खांद्याच्या वर जाईनासा झाला होता, आणि हे सबंध मिलरटनमध्ये फक्त तिलाच ठाऊक होतं. गावाला ठाऊक होता तो बेसबॉलमधला पिचर, चेंडू टाकणारा ऑरिन हॅस्केल. त्याचा चेंडू हवेत वळायचा! पहिल्यांदा वळला तेव्हा पंचाने म्हणे तो चाकूने चिरून, आत काय दडवलंय ते पाहिलं होतं.

आज नव्या मैदानावरचा पहिला चेंडू त्याने टाकायचा होता.

"खालून टाका ना, तुमच्या वेळी टाकायचे तसा. तेवढा हात फिरतो तुमचा."

"म्हणजे पोरांनी म्हणावं, म्हातारा कोंबड्यांना दाणे टाकतोय? छट्! हल्लीचे टाकतात तसा वरूनच टाकणार."

"आणि हात अडकला तर? सगळ्या गावासमोर?"

ऑरिन ताडताड मैदानाकडे चालू लागला.

मैदानावर लेटीचं बूड बाकाला टेकेना. बसली, उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली.

"अगं बाई, खाली बस की," मागून कोणीतरी खेकसलं. "आम्ही काय तुझ्या टोपीवरची फुलं बघायला आलोय?"

तेवढ्यात ऑरिनच्या समोर बॅट घेऊन गस फेनर आला. नदीपलीकडच्या गावचा लोहार. तरुणपणी ऑरिनचा हाडवैरी. "काय रे हॅस्केल, आहेस अजून? हा कोट मी तुझ्या मयतासाठी शिवून घेतला होता!"

लोक खदाखदा हसले. ऑरिनने हसून टोपी उचलली. डाव्या हाताने.

फेनरचं हसू अर्ध्यातच थांबलं. लेटीने ते नेमकं पाहिलं. कळलं याला! आता हा ओरडणार!

ऑरिनने चेंडू धरला. हात वर नेऊ लागला. खांद्यापर्यंत गेला, आणि तिथेच अडकला. बँडही थांबला. लेटीची नखं तळहातात रुतली.

"ए, थांब!" फेनरने बॅट आडवी धरली. "कायदा विसरलास काय? उंच हवा की खालचा, विचारलंस मला?"

तरुण पोरं एकमेकांकडे बघू लागली. म्हातारे मात्र खुलले. त्यांच्या वेळी चेंडू उंच हवा की खालचा हे फलंदाज सांगायचा, आणि पिचरला तो तसाच द्यावा लागायचा. हातही खांद्याच्या वर न्यायची मुभा नव्हती. "विचार, ऑरिन, विचार!" म्हातारे ओरडले.

"तुला काय विचारायचं?" ऑरिन गुरगुरला. "जन्मभर उंचच मागत आलास."

"आज खालचा दे. गुडघ्याशी. आणि जुन्या कायद्याने, बरं का! हात खांद्याच्या वर नेलास तर चेंडू बाद धरायला लावीन."

ऑरिनने चेंडू मुठीत आवळला. आता बाबा चेंडू आपटून चालते होणार, असं लेटीला वाटलं. पण त्याचा हात खाली आला, मागे गेला आणि झुलत पुढे आला. चेंडू वळला बिळला काही नाही. सरळ, मऊ, गुडघ्याशी आला. फेनरने जीव खाऊन बॅट फिरवली आणि वीतभराने चुकला. मैदान दणाणलं!

"मुद्दाम चुकलास, लबाडा!" ऑरिन म्हणाला.

"तुझ्या चेंडूवर चुकायला मला मुद्दाम काही करावं लागलंय का कधी?"

फेनर जवळ आला. बॅट उजव्या काखेत मारून त्याने डावा हात पुढे केला. ऑरिनने त्या हाताकडे पाहिलं. मग त्यानेही आपला डावा हात त्यात दिला.

लोक टोप्या उडवत होते. हातांकडे बघायला कोणाला सवड नव्हती.